अठ्ठेचाळीस, लिहून घे

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता असं म्हणत नाहीये, आजही नाही. या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं न चुकता वाचतेय आणि निम्मे वाचताना मला हसू येतं. मागे वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं... अहो, असेल कोणीतरी, तुम्ही वळायला उशीर केलात! अशा खवचट कॉमेंट्स मी इथेच टाकल्या आहेत. त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर जुने मेंबर्स मला सोडणार नाहीत. खुशाल चिडवा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. आमच्या बैठकीत बावीस प्रतिज्ञांची फ्रेम होती आणि तिच्याखाली बसून आम्ही भावंडं अभ्यास करायचो. अंगारा, दृष्ट काढणं, उतारा, असलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. आजारी पडलं की डॉक्टर, आणि अंधारात घाबरलं की दिवा लावून बघायचं, काय आहे ते.

माझे बाबा तार ऑफिसात होते. ते म्हणायचे, "निरोपाला तीन गोष्टी लागतात. पाठवणारा, घेणारा आणि मधली तार. तार नसेल तर निरोप नाही." त्यांचा आणखी एक नियम होता — आलेला निरोप आला तसाच लिहायचा. आपली अक्कल चालवून दुरुस्त करायचा नाही. त्यांच्या एका सहकाऱ्याने तारेतलं गावाचं नाव चुकलंय असं समजून ते 'सुधारलं', आणि एक लेक बापाच्या मयतीला भलत्याच गावी जाऊन पोहोचली. ही गोष्ट बाबांनी इतक्यांदा सांगितली होती की पुढचं वाक्य आम्हीच आधी म्हणायचो. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता मुद्द्यावर येते. १९९५-९६ चा हिवाळा. पश्चिम कॅन्सस.

मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, स्टेट कॉलेजची पीएच.डी. संपली आणि त्याला गव्हावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात नोकरी लागली. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव मुद्दाम देत नाही, तिथे आजही सगळे एकमेकांना ओळखतात. गावात धान्याचं एक उंच कोठार, दोन चर्च, एक कोर्टहाउस. बाकी क्षितिजापर्यंत गहू, नाहीतर बर्फ. सबंध काउंटीत देशी माणसं म्हणाल तर आम्ही दोघं. हळद संपली तर साडेतीन तास ड्राइव्ह.

ग्रीन कार्ड आलं आणि मी घरात बसून कंटाळले होते, तेव्हा कोर्टहाउसमधल्या शेरीफच्या ऑफिसात डिस्पॅचरची जागा निघाली. डिस्पॅचर म्हणजे आलेले फोन घ्यायचे, नोंदवायचे आणि रेडिओवरून डेप्युटींना पाठवायचं. मिलिंद म्हणाला, "वैशाली, तू नागपूरची पोरगी, शेरीफच्या ऑफिसात काय करशील?" मी म्हटलं, "बाबा करायचे तेच." आणि अर्ज भरला.

शेरीफ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हॅट, घोडा आणि पिस्तूल येतं. प्रत्यक्षात आमचे शेरीफ वॉल्ट हे साठीचे, गुडघेदुखीने बेजार, शेतकऱ्याच्या घरातले गृहस्थ. पिस्तूल त्यांनी कधी काढलेलं मी पाहिलं नाही. रस्त्यावर आलेल्या गाई हाकलणं, गाडीत किल्ली राहिलेल्यांची दारं उघडून देणं, अंत्ययात्रेच्या पुढे गाडी चालवणं, वादळात कुणाचं इन्सुलिन पोचवणं आणि कुणाचा मुलगा अपघातात गेला तर आईबापांना दारात जाऊन सांगणं, हे त्यांचं काम. आपला पोलीस पाटील आणि गावचा मामा एकत्र केला की झाला आमचा शेरीफ.

या ऑफिसची एक पद्धत होती. तिचं नाव 'मॉर्निंग लिस्ट'. काउंटीत एकटे राहणारे अकरा म्हातारे-म्हाताऱ्या रोज सकाळी सात ते आठच्या दरम्यान आम्हाला फोन करायचे. "मी अमुक, ठीक आहे." आम्ही त्या नावापुढे हिरव्या पेनने टिक करायची. सव्वाआठपर्यंत फोन नाही आला तर आम्ही करायचा. उचलला नाही तर डेप्युटी जायचा. प्रत्येकाच्या घराची एक किल्ली आमच्या भिंतीवर नंबर लावून टांगलेली असायची. विचार करा, अकरा घरांच्या किल्ल्या! इतका विश्वास तर लोक सख्ख्या भावावर टाकत नाहीत.

त्या किल्ल्यांच्या वर वॉल्टच्या हातचं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं — 'फोन आल्याशिवाय टिक नाही.' काही वर्षांपूर्वी एका डिस्पॅचरने "ते काय, रोजच ठीक असतात" म्हणून अंदाजाने टिक केली होती, आणि ते आजोबा तीन दिवसांनी सापडले. न्हाणीघरात. त्या बाईची नोकरी त्याच दिवशी गेली. बाकी सगळ्या चुकांना त्या ऑफिसात माफी होती, खोट्या टिकला नव्हती.

लिस्टवर सात नंबर एडना. वय एक्याऐंशी, एका खोलीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली मास्तरीणबाई. गावापासून उत्तरेला सतरा मैलांवर फार्महाउसमध्ये एकटी. तिचा नवरा हवामान खात्यासाठी रोजचं तापमान नोंदवायचा. तो गेला, पण थर्मामीटर वाचायची सवय एडनाने चालू ठेवली. सकाळी सात-चाळीस म्हणजे सात-चाळीस. ओसरीवरचं तापमान सांगायची, मी ते फळ्यावर लिहायचे आणि मग दिवसभर शेतकरी फोन करून विचारायचे, "एडनाकडे आज किती?" रेडिओवर सांगतात त्यापेक्षा तिच्या आकड्यावर लोकांचा भरवसा होता.

आणि सबंध काउंटीत माझं नाव नीट म्हणणारी ती एकटी. बाकी सगळ्यांनी माझी 'शेली' करून टाकली होती. एडनाने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझ्या आईने काय ठेवलंय नाव? तेच सांग." मग तीन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि स्वतः पाठ केलं. त्या एका हाकेसाठी मी सात-चाळीसची वाट बघायचे, खोटं कशाला सांगू.

जानेवारीत ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, आलं. दुपारी सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत समोरचं चर्च दिसेना. रस्ते बंद झाले, म्हणून मी ऑफिसातच खाटेवर झोपले आणि सकाळी सहाला पुन्हा खुर्चीत बसले. फोन सारखे येत होते. माझ्या समोर रँडी नावाचा डेप्युटी कॉफी पीत बसला होता.

सात-चाळीसला मी फोन उचलला.

घंटी वाजली होती का? हा प्रश्न मी स्वतःला हजार वेळा विचारलाय. रँडीलाही नंतर विचारला. त्याने मला रिसीव्हर उचलताना पाहिलं होतं. घंटीचं म्हणाला, "सकाळपासून वाजतच होत्या, कोण मोजतंय?" मलाही आठवत नाही. उचलला एवढं नक्की.

"गुड मॉर्निंग, वैशाली. एडना." आवाज तिचाच. नेहमीसारखा खणखणीत नव्हता, पण तिचाच. दुसरं कोण मला वैशाली म्हणणार?

"गुड मॉर्निंग एडना! वादळ कसं आहे तिकडे?"

"अठ्ठेचाळीस."

अठ्ठेचाळीस म्हटलं की नागपूरच्या माणसाला मे महिना आठवतो, पण हे फॅरनहाइट बरं का — आपले साधारण नऊ अंश. आणि बाहेर त्या वेळी शून्याच्याही खाली होतं, तेही फॅरनहाइटमध्ये! मी म्हटलं, "एडना, चष्मा लावलाय ना?"

"अठ्ठेचाळीस, लिहून घे."

"बरं. लिहून घेतलं, एडना."

फोन बंद. मी टिक केली आणि फळ्यावर अठ्ठेचाळीस लिहिलं. रँडी खो खो हसला. "शेली, उणे आठ असेल ते. पुसून नीट लिही, नाहीतर लोक हाफ पॅन्ट घालून बाहेर पडतील." मी खडू उचललासुद्धा. आणि मग बाबांचा आवाज कानात आला — आला तसा लिहायचा. मी खडू खाली ठेवला. म्हटलं, "तिने जे सांगितलं ते लिहिलंय. बदलायचं तर ती बदलेल."

साडेदहाला टेलिफोन कंपनीच्या माणसाचा रेडिओवरून निरोप आला. उत्तरेकडची मुख्य लाइन तुटली होती. काल संध्याकाळी सातपासून तिकडचे सगळे फोन बंद. लिस्टवरची तीन माणसं त्या लाइनवर. दोघांचे फोन आले नव्हतेच, त्यांच्याकडे जायला रँडी प्लाऊच्या, म्हणजे बर्फ बाजूला सारणाऱ्या ट्रकच्या, मागोमाग निघायच्या तयारीत होता. आणि तिसरी एडना. तिच्यापुढे माझी हिरवी टिक.

मी ताबडतोब एडनाचा नंबर फिरवला. काही नाही. साधी गुणगुणसुद्धा नाही. मग टेलिफोनवाल्याला रेडिओवर विचारलं, "एखाद्या घराचा फोन चालू राहिला असेल का? सकाळी मला तिकडून फोन आलाय."

तो म्हणाला, "बाई, खांब शेतात आडवा पडलाय. मी त्याच्यावर पाय ठेवून उभा आहे. तिकडून तुम्हाला कोणाचाही फोन येऊ शकत नाही."

तार नाही. म्हणजे निरोप नाही. 

वॉल्ट आत आले, भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहिले आणि दिवसाची आखणी सांगू लागले. प्लाऊ एकच. आधी ते दोघं म्हातारे, त्यातला एक ऑक्सिजनवर. मग हॉस्पिटलचा रस्ता. दुपारनंतर वारा पुन्हा वाढणार होता, म्हणून त्यापुढे उत्तरेला कुणी जायचं नाही. "एडनाचा फोन आलाय. तिच्याकडे उद्या."

मी म्हटलं, "एडनाकडे आजच जायला हवं."

"तिची टिक आहे, शेली."

"आहे. पण तिचा फोन कालपासून बंद आहे."

वॉल्टनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "मग सकाळी कोण बोललं?"

"एडना."

"बंद फोनवरून?"

यावर मी काय बोलणार होते? तुम्ही काय बोलला असता? "मला माहीत नाही, पण तीच होती" असं म्हटलं असतं तर त्यांनी मला प्रेमाने घरी झोपायला पाठवलं असतं. आणि टिक तशीच राहिली असती. ऑफिसच्या दृष्टीने टिक म्हणजे माणूस जिवंत आणि ठीक. तिला हलवायचा एकच मार्ग होता, आणि तो मला त्या क्षणी अगदी लख्ख दिसला.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "फोन आला नव्हता. मी न येताच टिक केली."

रँडी कॉफीचा कप हातात धरून उभाच राहिला. त्याने मला फोनवर बोलताना पाहिलं होतं. तो काहीतरी बोलणार इतक्यात मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

वॉल्टनी फक्त त्या पुठ्ठ्याच्या कार्डाकडे पाहिलं. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते. ते म्हणाले, "हे लिहून द्यावं लागेल."

"देते. पण आधी प्लाऊ पाठवा."

मी लिहून दिलं. 'सात नंबरपुढे मी फोन न येता खूण केली.' खाली सही, तारीख, वेळ. वॉल्ट वाचत असतानाच रँडीला म्हणाले, "दोघं झाले की सरळ एडनाकडे. हॉस्पिटलचा रस्ता नंतर." सात नंबरची किल्ली मी स्वतः त्याच्या हातात दिली.

दुपारी मिलिंदचा फोन आला, त्याला मी सगळं सांगितलं. तो चिडला की पक्का नागपुरी होतो. "अवं, काय करून राहिली तू? न केलेली चूक कबूल करून राहिली? हाकलतील ना तुला!"

"हाकलू दे. बाई मरून राहिली असंल तिथे, मिलिंद."

"आणि नसंल तर?"

"तर मी घरी बसून तुला पोळ्या करून घालीन. ठेव फोन." एवढं बोलून मला रडू आलं. पण रेडिओ चालू होता, रडायला वेळ नव्हता.

दोनच्या सुमाराला रँडीचा आवाज आला. दोघं म्हातारे सुखरूप होते. तो एडनाच्या घरात उभा होता. "शेली, घर रिकामं आहे. हीटर चालू, घरात सत्तर अंश. बिछाना आवरलेला. कप धुऊन पालथे घातलेत. गाडी गॅरेजमध्ये आहे. वादळाआधी तिची भाची येऊन घेऊन गेली असेल." मागे वाऱ्याचा घोंगावता आवाज येत होता. "वारा वाढलाय. आम्ही परत निघतो."

वॉल्ट माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी नाही सोडला. भाचीकडे गेली असती तर एडनाने आदल्या दिवशीच कळवलं असतं. ती दाताच्या डॉक्टरकडे जायची तरी आम्हाला आधी सांगायची.

मी बटण दाबलं. "रँडी, थांब. निघू नकोस. घरात सत्तर म्हणालास ना?"

"हो."

"आणि ओसरीवर?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "उणे सहा. का?"

मी खुर्ची फिरवून फळ्याकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस तसंच होतं, न पुसलेलं. मी वॉल्टना विचारलं, "तुम्ही इथल्या शेतावर वाढलात. आज या काउंटीत अठ्ठेचाळीस अंश कुठे असेल?"

"कुठेच नाही. घर गरम केलं तर सत्तर, नाही केलं तर गोठणबिंदूच्या खाली..." आणि बोलता बोलता ते थांबले.  त्यांनी माझ्या हातातून माइक ओढून घेतला. "रँडी! सेलर! मागच्या अंगणातलं सेलर उघड!"

तिकडे टॉर्नेडो येतात, म्हणून घराबाहेर जमिनीखाली एक खोली खणलेली असते. वर तिरपं लाकडी दार. बटाटे, मुरंब्याच्या बरण्या तिथेच ठेवतात, कारण जमिनीच्या पोटात बारा महिने तापमान साधारण तेवढंच राहतं. रँडी म्हणाला, "इथे कसलंही दार दिसत नाही. नुसता बर्फाचा ढीग आहे."

"त्याच्याच खाली आहे. खण!"

पंचवीस मिनिटं रेडिओवर कुणी बोललं नाही. मी फोन घेत होते, उत्तरं देत होते, पण काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही. वॉल्ट माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. मग रँडीचा आवाज आला, धापा टाकत, आणि तो गडी रडत होता.

"जिवंत आहे. खुबा मोडलाय बहुतेक. पण शुद्धीवर आहे. मला म्हणते, इतका वेळ कुठे होतास?"

मी टेबलावर डोकं टेकलं. वॉल्टनी माझ्या डोक्यावर एकदा थोपटलं आणि ते बाहेर गेले.

दोन दिवसांनी रस्ते उघडल्यावर मी हॉस्पिटलमध्ये एडनाला भेटायला गेले. ऑपरेशन झालं होतं, चेहरा कागदासारखा पांढरा, पण केस विंचरलेले. तिने सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी पाचला ती बटाटे आणायला सेलरमध्ये उतरली. वाऱ्याने दार धाडकन आपटलं, ती दचकली, पायरी चुकली. उठता येईना. सेलरमध्ये टॉर्नेडोसाठी ठेवलेल्या गोधड्या होत्या, त्या तिने ओढून घेतल्या. एक टॉर्चही होता. रात्रभर ती शाळेतल्या मुलांची नावं वर्षवार आठवत जागी राहिली.

"सकाळी घड्याळात बघितलं तर सात-चाळीस," ती म्हणाली. "म्हटलं, फोनची वेळ झाली. खांबावर नवऱ्याने लावलेला जुना थर्मामीटर होता, त्यावर टॉर्च मारला आणि रोजच्यासारखं मोठ्याने सांगितलं. वेडेपणाच. पण सवय मोडवेना."

 मी काहीच विचारलं नव्हतं, तिला कुणी काही सांगितलंही नव्हतं. रँडीला मीच बजावलं होतं.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

ती माझ्याकडे जरा वैतागून बघायला लागली, वर्गात लक्ष नसलेल्या मुलीकडे बघावं तशी. "अठ्ठेचाळीस. तू चष्म्याचं विचारलंस. मग म्हणालीस, लिहून घेतलं. म्हणून तर मी जागी राहिले, वैशाली. म्हटलं, हिने लिहून घेतलंय म्हणजे आता कोणीतरी येणार."

आणि मी? मी लिहून घेतलं होतं, टिक केली होती आणि तिला 'ठीक आहे' म्हणून यादीतून बाहेर काढलं होतं. ती माझ्या शब्दावर तिथे खाली जागी होती, आणि माझ्याच टिकमुळे तिच्याकडे कुणी जाणार नव्हतं. हे मला तिच्यापासून लपवून ठेवता येईना. मी सगळं सांगितलं — टिक, तुटलेली लाइन, लिहून दिलेली कबुली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात धरला आणि म्हणाली, "आकडा पुसला नाहीस ना? मग झालं."

आता पुराव्याचं. ऑफिसच्या सगळ्या लाइन्स एका मोठ्या टेप रेकॉर्डरवर रेकॉर्ड व्हायच्या. त्या आठवड्यात वॉल्टनी दार लावून घेतलं आणि मला समोर बसवून ती टेप लावली. सात-एकोणचाळीसला कुणाचा तरी मेलेल्या वासराबद्दल फोन. मग सात-चाळीस. माझा आवाज — "गुड मॉर्निंग एडना! वादळ कसं आहे तिकडे?" मग रिकामी खरखर. मग मी — "एडना, चष्मा लावलाय ना?" खरखर. "बरं. लिहून घेतलं, एडना." बस. पलीकडे कुणीही नाही. मधल्या जागा मात्र अगदी तेवढ्याच, जेवढा वेळ माणसाला बोलायला लागतो. वॉल्टनी तीन वेळा रिवाइंड केलं. मग मशीन बंद केलं.

मी म्हटलं, "ती कबुली आता फाडून टाकता का? मला फोन आला होता, वॉल्ट."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण कागद काय म्हणतो? फोन आला नव्हता. टेलिफोन कंपनी काय म्हणते? आला नव्हता. टेप काय म्हणते? तेच. तो कागद खोटा आहे असं मी कशाच्या जोरावर लिहू?" मग जरा थांबून म्हणाले, "नोकरी राहील. प्रोबेशन सहा महिने वाढवतोय. आणि शेली... वैशाली... पुन्हा असा फोन आला तर मला आधी उठवत जा."

त्यांनी माझं नाव त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. अर्धंमुर्धंच, पण घेतलं.

रविवारी नागपूरला फोन लावला तेव्हा बाबांना सांगितलं. त्यांनी एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखे प्रश्न विचारले. खांब कुठे पडला, दुसरी जोडणी होती का, टेप कुठून रेकॉर्ड होते. मग म्हणाले, "तार नव्हती. म्हणजे निरोप आलाच नाही."

"मग मी फळ्यावर काय लिहिलं, बाबा?"

  ते हळूच म्हणाले, "आलं तसं लिहिलंस, ते चांगलं केलंस." पुढे ते गेले तोपर्यंत या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नाही.

एडना एप्रिलमध्ये घरी परतली, वॉकर घेऊन. पहिल्या सकाळी सात-चाळीसला फोन आला. या वेळी घंटी वाजली, मी नीट कान देऊन ऐकली. "गुड मॉर्निंग, वैशाली. छप्पन्न. मी ठीक आहे." मी लिहून घेतलं, पण पेन तिच्या नावापुढे टेकवेना. मी फोन ठेवला आणि तिचा नंबर फिरवला. तिने उचलला. "आता काय?" म्हणाली.

"काही नाही. तू आहेस का बघत होते."

"आहे. कर टिक."

पुढची तीन वर्षं, आम्ही कॅन्सस सोडून इकडे मॉरिसव्हिलला राहायला येईपर्यंत, मी रोज तेच केलं. तिचा फोन आला की परत फोन, आणि मगच टिक. ऑफिसात सगळे हसायचे, पण नंतर सगळ्याच नावांपुढे ती पद्धत पडली. मी ऐकलं की अजूनही आहे.

हे सगळं माझ्या मुलीला गेल्या महिन्यात सांगितलं. ती इंजिनियर आहे. तिने लाइन, इंडक्शन, क्रॉस-कनेक्शन, माझी झोप, सगळ्या शक्यता काढून पाहिल्या आणि शेवटी म्हणाली, "आई, आय हॅव नथिंग. जस्ट पोस्ट इट." म्हणून पोस्ट करतेय. भूतबीत काही नव्हतं, तेव्हा त्या वाटेने कुणी जाऊ नका. एडना जिवंत होती, पुढे नव्वदीपर्यंत जगली. कुणाला काही पटण्यासारखं सुचलं तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन. मला स्वतःला आजवर काही सुचलेलं नाही.

स्पष्टीकरण जगात एकच आहे. ते कॅन्ससमधल्या एका कोर्टहाउसच्या कपाटात, माझ्या फाइलमध्ये आहे. त्यात म्हटलंय की त्या सकाळी फोन आलाच नव्हता. खाली माझी सही आहे, आणि ते मी खोटं लिहिलंय.